फुटक्या बांगडीची काच : संत गाडगेबाबांचं जीवन आणि आपल्या घरातला काचकचरा



२० डिसेंबर आणि २३ फेब्रुवारी. एक गाडगेबाबांची पुण्यतिथी, दुसरी जयंती. या दोन्ही दिवशी आपल्या शाळांत काय होतं ते आपल्या सर्वांना माहीत आहे. फोटोला हार, दोन-तीन मुलांची भाषणं, मग खराटे घेऊन परिसर स्वच्छता आणि शेवटी फोटो. आमच्याही शाळेत वर्षानुवर्षं हेच चालत आलं. यात वाईट काही नाही. पण दोन वर्षांपूर्वी घडलेल्या एका गोष्टीने मला हा धडा नव्याने शिकवायला लावला.

जुलैचा महिना होता, धानाची रोवणी जोरात सुरू होती. चौथीतली एक मुलगी तीन दिवस शाळेत आली नाही. चौकशी केली तर कळलं, आईचा पाय बांधीत कापला. चिखलात काच होती. बाटलीच्या बुडाचा जाड तुकडा. टाके पडले, ऐन हंगामातली रोजी बुडाली आणि लहान भावाला सांभाळायला पोरगी घरी थांबली. चिखलात काच आली कुठून? शेणखतातून. आणि शेणखतात? गावाच्या उकिरड्यातून. त्या शेताला ज्या उकिरड्याचं खत गेलं होतं, त्यावरच आम्ही मागच्या पुण्यतिथीला शाळेचा सगळा केरकचरा नेऊन टाकला होता. त्यात फुटलेल्या बाटल्याही होत्या. ती काच आमच्याच कचऱ्यातली होती असं मी म्हणत नाही. पण नव्हतीच, असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

त्यानंतर गाडगेबाबांचं चरित्र मी पुन्हा नीट वाचलं. लहानपणापासून ज्या वर्णनावरून नजर सहज पुढे जायची, तिथे यावेळी थांबलो. बाबांच्या एका कानात कवडी होती आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. आज ती काच हातात धरूनच त्यांचं जीवन सांगतो.

बालपण

गाडगेबाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे. आता हे गाव अंजनगाव सुर्जी तालुक्यात येतं. घर परीट समाजाचं. लोकांचे मळलेले कपडे धुऊन स्वच्छ करायचे हा पिढीजात धंदा. म्हणजे दुसऱ्याची घाण आपल्या हाताने काढण्याचं काम डेबूला नवीन नव्हतं. वडील झिंगराजी, आई सखुबाई.

वडिलांना दारूचं व्यसन लागलं. त्या काळी जातीच्या जेवणावळीत, लग्नात, बारशात, तेराव्याला, सगळीकडे दारू लागायची. पाहुण्यांना ती पाजली नाही तर यजमानाची नाचक्की व्हायची. त्यात शेतीवाडी गेली, शरीर खंगलं आणि डेबू अगदी लहान असतानाच झिंगराजी वारले. आपल्या भागातल्या शिक्षकांना हे चित्र समजावून सांगायची गरज नाही. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या आंदोलनातून १९९३ साली दारूबंदी आली, त्यामागे अशाच हजारो घरांचं दुःख होतं. आणि आजही रस्त्याकडेच्या नालीत, तलावाच्या पाळीवर, जंगलाच्या वाटेवर जी काच सापडते ती बहुतेक कशाची असते, तेही आपण रोज पाहतो.

दापुऱ्याचे दिवस

वडिलांच्या मागे सखुबाई डेबूला घेऊन माहेरी दापुऱ्याला आल्या. हे गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात. मामा चंद्रभानजींच्या घरी डेबू वाढला. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नाही. गुरं राखली, गोठे झाडले, शेण उचललं, नांगर धरला. थोडा मोठा झाल्यावर मामाच्या शेतात पडेल ते काम त्याने केलं. शेतकरी म्हणून तो पक्का होता. उकिरडा म्हणजे घाणीचा ढीग नसून पुढच्या वर्षीच्या पिकाचं अन्न आहे, हे ज्याने स्वतः खत पसरलं त्यालाच खरं कळतं.

मामाला सावकाराने कर्जात गुंतवलं. कागदावर काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. अंगठे उठत गेले आणि जमीन गेली. त्या धक्क्यातून चंद्रभानजी सावरले नाहीत. पुढे आयुष्यभर बाबा कीर्तनातून लेकरांना शाळेत घाला म्हणून गावोगाव विनवत राहिले. पोटाला चिमटा घ्या, भांडी विका, पण पोराला शिकवा, असा त्यांचा आग्रह असायचा. त्याचं मूळ या अंगठ्यांत आहे.

१८९२ साली त्यांचं लग्न कुंताबाईंशी झालं. पहिल्या मुलीच्या बारशाची गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. भाऊबंद दारू-मटणाच्या जेवणाची वाट पाहत बसले होते. डेबूजींनी गोडाचं, साधं जेवण वाढलं. लोक चिडले, बोलले. डेबूजी बधले नाहीत. ज्या रिवाजाने बाप नेला तो रिवाज आपल्या लेकीच्या पाळण्याखाली नको, एवढं त्यांना समजलं होतं. समाजसुधारणेची सुरुवात त्यांनी व्यासपीठावरून केली नाही. ती स्वतःच्या अंगणात, नातेवाइकांच्या पंगतीत केली, जिथे ती सगळ्यात अवघड असते.

घर सोडलं

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडलं. पुढची सुमारे १२ वर्षं ते भटकत राहिले. या काळात त्यांचा तो वेश तयार झाला. अंगावर वेगवेगळ्या चिंध्या जोडून शिवलेली गोधडी. डोक्यावर मडक्याचं खापर. हातात खराटा. दुसऱ्या हातात मातीचं गाडगं, त्यातच खायचं आणि त्यातच पाणी प्यायचं. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात बांगडीचा तुकडा. यावरूनच कुणी त्यांना गोधडेबाबा म्हणे, कुणी चिंधेबाबा. गाडगेबाबा हे नाव मात्र सर्वत्र टिकलं.

आता हा वेश वर्गात फळ्यावर लिहून काढा. चिंधी, खापर, फुटकी काच. लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू! कापड फाटलं की चिंधी होते, मडकं फुटलं की खापर, बांगडी फुटली की काच. घरात त्यांना जागा नसते. बाबांनी त्या अंगावर घेतल्या. मला यात एक साधा अर्थ दिसतो. वस्तू टाकली म्हणजे ती संपत नाही. ती कुठेतरी जातेच. प्रश्न एवढाच की ती कुठे जाते आणि कुणाच्या वाट्याला येते.

बांगडीची काच तर त्या काळी प्रत्येक घरात फुटायची. कासार यायचा, बायका बांगड्या भरायच्या, कामाधामात त्या फुटायच्या. नवरा गेला की बाईच्या हातावरच्या बांगड्या फोडल्या जायच्या. तो तुकडा कुणाला अशुभ वाटे, कुणाला धोक्याचा. तो कुणाच्या पायाखाली जाण्यापेक्षा बाबांच्या कानात बरा होता.

खराट्याची रीत

बाबांची काम करण्याची पद्धत ठरलेली होती. गावात शिरायचं ते सरळ झाडायला सुरुवात करायची. आधी ओळख नाही, सत्कार नाही. रस्ता, नाली, चावडी, देवळाचं आवार. हा कोण वेडा, म्हणून पोरं मागे लागत. मग मोठी माणसं जमत. कुणी लाजून हातात खराटा घेई. दिवस मावळेपर्यंत अर्धं गाव झाडायला लागलेलं असे. काम केल्याशिवाय ते भाकर घेत नसत. फुकटचं खायचं नाही हा नियमच होता. मिळालेला चटणी-भाकरीचा तुकडा गाडग्यात घेऊन ते कुठेतरी बाजूला बसून खात.

रात्री कीर्तन. दिवसा खराट्याने रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाने डोकी, असं त्यांच्याबद्दल सांगतात ते याचमुळे. कीर्तनात ते वऱ्हाडीत बोलत, लोकांना प्रश्न विचारत, उत्तरं वदवून घेत. बोकड कापल्याने देव पावतो का, कर्ज काढून तेरावं का घालायचं, शिवाशीव का पाळायची, दारूने कुणाचं भलं झालं? म्हणजे आपण ज्याला आज प्रश्नोत्तर पद्धत म्हणतो, ती शाळेत न गेलेल्या या माणसाने हजारोंच्या सभेत वापरली. कीर्तन संपलं की लोक पाया पडायला धावत आणि बाबा त्याआधीच पुढच्या गावची वाट धरत. पाया पडू देणं त्यांना आवडत नसे.

इथे एक गोष्ट शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. बाबा स्वतः झाडत होते ते सगळ्या गावाचं काम एकट्याने उरकावं म्हणून नाही. झाडणारा माणूस खालचा आणि घाण करणारा वरचा, ही जी उतरंड लोकांच्या मनात बसली होती ती मोडावी म्हणून. झाडण्याचं काम ज्या जातींवर लादलेलं होतं त्यांच्या हातातला खराटा त्यांनी स्वतः घेतला आणि मग तो पाटलाच्या, सावकाराच्या, गुरुजींच्याही हातात दिला.

धर्मशाळा, शाळा आणि माणसं

१९०८ च्या सुमारास अमरावती जिल्ह्यातल्या ऋणमोचन इथे पूर्णा नदीवर घाट बांधण्याचं काम त्यांनी हाती घेतलं. तिथे यात्रा भरे आणि काठाच्या चिखलात यात्रेकरूंचे हाल होत. लोकांच्या पायाखालचा त्रास दिसला की तो काढायचा, हे त्यांच्या कामाचं सूत्र इथूनच दिसतं. पुढे पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरला दलित वारकऱ्यांना कुठेच थारा मिळत नसे, तिथे त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि नंतर ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय झालं. मुंबईत जे. जे. रुग्णालयात उपचारासाठी खेड्यापाड्यांतून येणाऱ्या रोग्यांचे नातेवाईक फूटपाथवर झोपत. त्यांच्यासाठी १९५४ साली तिथे धर्मशाळा उभी राहिली. आजही विदर्भातून मुंबईला उपचारासाठी जाणाऱ्या कितीतरी कुटुंबांना बाबांच्या धर्मशाळांचा आधार असतो.

एवढा पैसा लोकांनी त्यांच्या शब्दावर दिला. स्वतःच्या घरासाठी त्यातला छदामही त्यांनी घेतला नाही. कुटुंब साध्या झोपडीत राहिलं. १९२३ साली मुलगा गोविंद वारला, तेव्हा बाबा कोकणात खारेपाटणला कीर्तनात उभे होते. निरोप आला, तरी कीर्तन थांबलं नाही. हा प्रसंग मुलांना सांगताना बापाचं काळीज दगडाचं होतं असं समजू देऊ नये. समोर बसलेली माणसंही त्यांना आपलीच लेकरं वाटत होती.

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या शिक्षणकार्याला बाबांचा मोठा आधार होता. कऱ्हाडच्या महाविद्यालयाला १९५४ साली सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं गेलं. ज्याला सही करता येत नव्हती त्याच्या नावाने कॉलेज! पुढे २००५ साली अमरावती विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं.

आपल्या झाडीपट्टीशी नातं

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत गाडगेबाबांचं नाव घेतलं की पाठोपाठ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव येतंच. तुकडोजी महाराज वयाने बाबांपेक्षा ३३ वर्षांनी लहान. जन्म १९०९, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. पण त्यांच्या साधनेचा काळ आपल्या भागातला. चिमूर तालुक्यातल्या गोंदोड्याच्या जंगलात त्यांनी तप केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूरला क्रांती झाली, त्यानंतर त्यांना अटक झाली. पुढे त्यांनी ४१ अध्यायांची ग्रामगीता लिहिली. तिच्यात ग्रामशुद्धी हा स्वतंत्र विषय आहे. पहाटे उठून सामूहिक ग्रामसफाई आणि संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, ही गुरुदेव सेवा मंडळाची रीत आपल्या कितीतरी गावांत अजून टिकून आहे.

म्हणजे झाडण्याची सवय आपल्याला नवी नाही. खराटा आपल्या हातात आहेच. कमी पडतो तो झाडून झाल्यानंतरचा विचार. बाबांच्या काळी गावच्या उकिरड्यात शेण, राख, पालापाचोळा, खरकटं जायचं. काच फार थोडी, कारण काचेची बाटली मोलाची वस्तू होती. ती धुऊन तेलाला, रॉकेलला, औषधाला पुन्हा वापरली जायची. कंदिलाची काच तर जपून जपून पुसायचे. आज उकिरडा तोच आहे, खत तेच आहे, पण त्यात बाटल्या, बरण्या, बल्ब आणि ट्यूबलाइटसुद्धा पडतात.

अखेर

बाबांचं शरीर थकलं तरी पाय थांबले नाहीत. १९५२ साली त्यांच्या कार्यासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाजवळ गाडीतच बाबांनी प्राण सोडला. ज्या माणसाने उभं आयुष्य रस्ते झाडले त्याचा शेवटही रस्त्यावरच झाला. अमरावतीला गाडगेनगरात त्यांची समाधी आहे. शासनाने २०००-०१ पासून त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं आणि आपल्याकडच्या कित्येक गावांनी त्यात भाग घेतला.

आता आपल्या घरातली काच

आता वळू या आपल्या स्वयंपाकघराकडे. पालकांनी हा भाग जरा सावकाश वाचावा.

काच कुजत नाही. मातीत पुरली तर आपल्या नातवंडांच्या काळातही ती तशीच धारदार निघेल. पण हीच काच वितळवून पुन्हा काच होते, आणि कितीही वेळा होते. वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत सुमारे १५०० अंश सेल्सिअसला वितळवली की काच बनते. त्यात जुन्या काचेचा चुरा घातला तर मिश्रण कमी उष्णतेला वितळतं. दर १० टक्के चुऱ्यामागे साधारण अडीच ते तीन टक्के ऊर्जा वाचते. कोळसा खाणींच्या आणि वीज केंद्राच्या चंद्रपूरकरांना ऊर्जा वाचणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. मात्र अट एक आहे, काच निवडलेली हवी. चिनीमातीच्या कपाचा एक तुकडा जरी गेला तरी तो भट्टीत वितळत नाही, नव्या बाटलीत खड्यासारखा राहतो आणि बाटली तिथेच तडकते. म्हणून काच वेगळी ठेवण्याची जागा म्हणजे आपलं घर. एकदा ती खरकट्यात, प्लास्टिकमध्ये मिसळली की नंतर कुणीतरी हात घालूनच ती निवडावी लागते.

तो हात कुणाचा असतो? शहरात घंटागाडीवरच्या कामगाराचा. गावात कचरा वेचणाऱ्या बाईचा. उकिरडा उपसणाऱ्या शेतकऱ्याचा. रोवणी करणाऱ्या आईचा. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या पोराचा. मोहाच्या झाडाखाली पानं साचलेली असतात, त्यात काच दिसत नाही.

घरी करायच्या गोष्टी फार थोड्या आहेत:

१. अख्ख्या बाटल्या आणि बरण्या विसळून, झाकण काढून वेगळ्या पिशवीत किंवा पोत्यात ठेवाव्यात. वापरता येतील त्या वापराव्यात. उरलेल्या भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत सुक्या कचऱ्यात, वेगळ्या द्याव्यात.

२. फुटलेली काच कधीही उघडी टाकू नये. जाड कागदात किंवा खोक्यात गुंडाळावी, नाहीतर जुन्या पत्र्याच्या डब्यात भरावी आणि वर मोठ्या अक्षरात काच असं लिहावं. देताना तोंडानेही सांगावं.

३. काच ओल्या कचऱ्यात किंवा शेणखताच्या खड्ड्यात अजिबात टाकू नये. हा एक नियम पाळला तरी बांधीतले पाय वाचतील.

४. ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब, पाऱ्याचा थर्मामीटर या काचेत धरू नयेत. त्यांच्यात पारा असतो. तो घातक कचरा, तो वेगळाच द्यायचा.

५. आरसा, चिनीमातीचे कप-बश्या, भट्टीत चालणारी जाड काचेची भांडी बाटल्यांच्या काचेत मिसळू नयेत. ती वेगळ्या उष्णतेला वितळतात किंवा वितळतच नाहीत.

चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा, गडचिरोली, देसाईगंज अशा शहरांत घंटागाडी दारात येते, तिथे हे सोपं आहे. आतल्या गावांत घंटागाडी नाही. भंगारवाला लोखंड, प्लास्टिक, पुठ्ठा आनंदाने नेतो; काच मात्र जड, भाव कमी, फुटकी तर नकोच म्हणतो. म्हणून तिथे थोडी थोडी काच विकायच्या मागे लागू नये. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या आवारात, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी, झाकणाचा एक ड्रम ठेवावा. वर्षभराची काच साठली की एकदम गाडी भरेल एवढा माल होतो, मग नेणारा मिळतो. आम्ही सध्या एका जुन्या ड्रमपासून सुरुवात केली आहे. अजून तो अर्धाही भरलेला नाही. पण उकिरड्यावर काच जाणं बरंच कमी झालंय.

वर्गात घेण्यासारखा उपक्रम

एक सूचना आधी. फुटकी काच मुलांना उचलायला लावू नये, स्वच्छतेच्या कार्यक्रमातही नाही. ते काम बूट आणि जाड हातमोजे घालून मोठ्यांनी करावं. मुलांनी काच दिसली की जागा दाखवावी आणि तिथे एक काठी रोवावी, एवढंच.

मुलांना एक आठवडा घरातल्या काचेची नोंद ठेवायला सांगा. कोणती वस्तू आली, रिकामी कधी झाली, कुठे गेली. तीन रकान्यांची वही पुरे. आठवड्याने वर्गात गावाचा नकाशा काढा आणि त्यावर काचेचा प्रवास दाखवा. घर, उकिरडा, खत, बांधी, पाय. भाषा, परिसर अभ्यास आणि गणित तिन्ही विषय यात येतात. दारूच्या बाटल्यांची नोंद आली तर वर्गात कुणाच्या घराचं नाव घेऊ नये, हसू नये. डेबूसुद्धा अशाच घरातलं लेकरू होता, एवढं मुलांना सांगितलं की पुरतं.

चर्चेसाठी काही प्रश्न:

१. गाडगेबाबांच्या वेशातल्या कोणत्या वस्तू लोकांनी टाकलेल्या होत्या?

२. काम केल्याशिवाय बाबा जेवत का नसत?

३. बारशाच्या जेवणाचा रिवाज मोडणं अवघड का होतं? आपल्या गावात आज कोणता रिवाज मोडावासा वाटतो?

४. आपण झाडून टाकलेला कचरा कुणाच्या हाताला लागतो? त्यांचं नाव तुम्हाला माहीत आहे का?

चौथा प्रश्न मी आमच्या वर्गात विचारला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ती मुलगी उभी राहिली आणि तिने आपल्या आईचं नाव सांगितलं. मी ते फळ्यावर लिहिलं.

या २० डिसेंबरला आमच्या शाळेत खराटे निघतीलच. पण झाडून झाल्यावर आधी काच वेगळी होईल, ड्रममध्ये जाईल आणि मगच उरलेला कचरा खड्ड्याकडे निघेल. हार आणि भाषणं त्यानंतर. तुमच्याही शाळेत असा ड्रम ठेवता आला तर जरूर ठेवा. आधीच असं काही करत असाल तर आम्हाला कळवा, आम्हीही शिकू.